ठोकण्यासाठी बांधलेली रिक्षा: टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेच्या चाचणीसाठी टिकाऊ टार्गेट कसं बनवावं

समोर अडथळा दिसला की स्वतःहून ब्रेक लावणाऱ्या गाड्या आता आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसतात. ती यंत्रणा खरंच वेळेवर ब्रेक लावते का, हे तपासायचं तर गाडी कशाच्या तरी अंगावर घालावी लागते. ब्रेक लागला तर ठीक, नाही लागला तर धडक. म्हणून समोरची वस्तू गाडीला ओरखडा न येण्याइतकी मऊ हवी, आणि तरी गाडीच्या रडारला आणि कॅमेऱ्याला ती खरीखुरी वाटायला हवी. या वस्तूला आम्ही सरळ टार्गेट म्हणतो.

युरो एनकॅपने, म्हणजे गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरोपीय संस्थेने, २०१४ पासून या यंत्रणेला गुण द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून परदेशात फोमच्या मोटारी, फोमची माणसं, फोमच्या सायकली जास्त बनू लागल्या. आयएसओ १९२०६ ही मानकांची मालिका त्यासाठीच आहे. मोटारीची मागची बाजू, पादचारी, संपूर्ण मोटार, सायकलस्वार, मोटरसायकल असे तिचे भाग आहेत. त्यात रिक्षा नाही. वांद्र्याच्या आणि शीवच्या पुढे गाडी चालवणाऱ्या माणसाच्या बंपरसमोर दिवसभर जे वाहन असतं, तेच नाही. म्हणून हा लेख रिक्षाच्या टार्गेटबद्दल आहे. रीत मात्र टेम्पोला, हातगाडीला किंवा गाईलाही लागू पडेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टार्गेट टिकाऊ आहे याचा अर्थ ते तुटत नाही असा नव्हे. ते प्रत्येक धडकेत सुटं व्हायलाच हवं. शंभराव्या धडकेनंतर पुन्हा जोडल्यावर रडारला ते पहिल्या दिवशीसारखंच दिसलं, तर ते टिकाऊ. फाटलेलं टार्गेट निदान डोळ्यांना दिसतं. धडधाकट दिसणारं पण रडारला निम्मंच उरलेलं टार्गेट महिनाभर खोटे आकडे देत राहतं आणि कुणाला पत्ता लागत नाही.

आधी खरी रिक्षा मोजा

फोम आणायला धावू नका. एक दुपार खरी रिक्षा भाड्याने घ्या. मीटरप्रमाणे नाही, दिवसाच्या हिशेबाने, आणि चालकाला आधी नीट समजावून. आमचे रिक्षावाले काका पहिल्यांदा म्हणाले, "साहेब, ठोकणार नाही ना?" ठोकायची नाही, फक्त मागून हळूहळू जवळ जायचं असं सांगितल्यावर खूश झाले, आणि वर हूड ताणून कसं बसवतात तेही त्यांनीच दाखवलं.

फूटपट्टीने मापं घ्या: रुंदी साधारण १.३ मीटर, उंची साधारण १.७ मीटर. चारही बाजूंनी फोटो काढा, उन्हात आणि सावलीत. मग ज्या गाडीची चाचणी घ्यायची तिचाच, किंवा तशाच ७७ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला रडार घेऊन शंभर मीटरवरून पाच मीटरपर्यंत सावकाश या आणि सगळं रेकॉर्ड करा. एकदा बरोबर मागून, एकदा थोडं डावीकडून, एकदा उजवीकडून.

इथे नवखा माणूस हमखास एका ठिकाणी अडकतो. अंतर बदलतं तसा रडारचा आकडा, म्हणजे परत येणाऱ्या लहरीचा जोर, वरखाली नाचतो. सेन्सर बिघडलेला नसतो. एक लहर सरळ रिक्षाकडे जाऊन परतते, दुसरी डांबरावर आपटून येते, आणि दोघींची कधी बेरीज होते तर कधी वजाबाकी. ७७ गिगाहर्ट्झला तरंगलांबी चार मिलिमीटरहूनही किंचित कमी, त्यामुळे अंतरातला जरासा फरकही हे गणित उलटवतो. म्हणून वीस मीटरवर इतका आकडा आला, अशी एका ठिकाणची तुलना करू नका. दहा ते चाळीस मीटरच्या पट्ट्याची सरासरी काढा आणि वरच्या-खालच्या टोकांची नोंद ठेवा.

मापाला आधार म्हणून कॉर्नर रिफ्लेक्टर लागतो: एकमेकांना काटकोनात जोडलेले तीन त्रिकोणी धातूचे पत्रे. त्याच्या आतल्या कडा दहा सेंटिमीटरच्या असतील तर ७७ गिगाहर्ट्झला त्याचं परावर्तन, रडारला भासणाऱ्या क्षेत्रफळाच्या हिशेबात, सुमारे २७ चौरस मीटर येतं, हे सूत्रानेच ठरतं. तो प्रत्येक सत्रापूर्वी त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवून रडारला दाखवायचा. वाण्याच्या वजनकाट्यावरच्या शिक्क्याच्या वजनासारखा त्याचा उपयोग. मात्र काटकोन अगदी काटेकोर हवा. दहा सेंटिमीटरच्या कडेला एक अंश चुकला तर टोकाला पावणेदोन मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ अर्धी तरंगलांबी, आणि मग आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

रिक्षा रडारला कशी दिसते

या पायरीवर आम्ही सपशेल आपटलो होतो, म्हणून जरा रेंगाळतो.

पहिल्या टार्गेटला आम्ही हौसेने मागची सगळी बाजू, हुडासकट, ॲल्युमिनियमच्या फॉइलने मढवली. गाडी लांबून ब्रेक लावायची. सगळे खूश. मग तीच गाडी खऱ्या रिक्षाच्या मागे हळू वेगात नेली तर रडारला ती कितीतरी उशिरा ठळक दिसू लागली. कारण उघड होतं, आमच्याच लक्षात आलं नव्हतं. रिक्षाचं हूड म्हणजे रेक्झिन. रडारची लहर त्यातून बरीचशी आरपार जाते. खरं परावर्तन येतं ते खालून: मागचा पत्रा, इंजिन, ॲक्सल, थोडंसं हुडाच्या नळ्यांवरून. वरचा अर्धा भाग कॅमेऱ्यासाठी, खालचा अर्धा रडारसाठी. आम्ही रिक्षा म्हणून रडारसाठी एक छोटा टेम्पो बांधला होता.

तेव्हा परावर्तक थर फक्त खालच्या फळ्यांत, म्हणजे टार्गेटच्या फोमच्या सुट्या तुकड्यांत, घाला. हुडाच्या नळ्यांच्या जागी दोन-तीन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या पुरतात. आणि एक मोठा रिफ्लेक्टर बसवण्यापेक्षा छोटे-छोटे जास्त बसवा. पाच सेंटिमीटर कडेचा रिफ्लेक्टर दहाच्या तुलनेत सोळाव्या हिश्शाचंच परावर्तन देतो, पण धडकेने त्याचा कोन थोडा हलला तरी आकडा तितका कोसळत नाही. ते घट्ट फोममधून कापून वर वाहक कापड चिकटवायचं. खरी रिक्षाही रडारला अनेक ठिपक्यांचीच बनलेली दिसते.

फॉइल मात्र सोडाच. घडी पडली की ती तडकते, आणि मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत त्या तडा काळवंडत रुंदावतात. तांबं-निकेलचा मुलामा असलेलं वाहक कापड, जे इलेक्ट्रॉनिक्सवाले शील्डिंगसाठी वापरतात, ते घ्या. तेही उघडं ठेवायचं नाही. फोम आणि बाहेरच्या कातडीच्या मध्ये, कडा सीलबंद करून.

सामान

फोम क्लोज्ड-सेल हवा, म्हणजे बंद पेशींचा. पॅकिंगला वापरतात तो पांढरा ईपीई चालतो, ५० मिलिमीटर जाडीचा, घनमीटरला २५ ते ३० किलो घनतेचा. गादीतला स्पंज नको: तो पाणी पितो, जड होतो आणि ओला फोम रडारची लहरही गिळतो. थर्माकोल तर अजिबात नको, दुसऱ्याच धडकेत मैदानभर दाणे. फोम कापायला गणपतीच्या दिवसांत मखरं करणारे कारागीर गाठा. त्यांच्याकडे गरम तारेचा कटर असतो, आणि वळणदार कापण्यात त्यांचा हात आपल्यापेक्षा शंभरपट बसलेला असतो.

कातडी म्हणून पीव्हीसीचा थर दिलेलं पॉलिस्टर घ्या, मॅट छपाईचं. चकचकीत कापडावर ऊन चमकलं की कॅमेरा गोंधळतो. मुंबईची रिक्षा खाली काळी, वर पिवळी. पिवळा रंग उन्हाने विटतो, म्हणून छपाईच्या वेळी एक नमुना-तुकडा कपाटात अंधारात ठेवा आणि दर महिन्याला कातडीशेजारी धरून पाहा.

गाडीवर लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, असेल तर काळ्या रंगाची एक गंमत आहे. डोळ्यांना काळंभोर दिसणारं कापड अवरक्त प्रकाशात कधीकधी पांढरंफटक निघतं. बरेच लायडार ९०५ नॅनोमीटरवर चालतात. लॅमिंग्टन रोडवरून अंधारातही पाहू शकणारा एक स्वस्त सीसीटीव्ही कॅमेरा आणा. त्याचे दिवे बहुधा ८५० नॅनोमीटरचे असतात, म्हणजे जवळपास तिथलेच. अंधाऱ्या खोलीत त्याखाली खऱ्या रिक्षाचा पत्रा-रेक्झिन आणि तुमचं कापड शेजारी-शेजारी धरा. पाच मिनिटांत निकाल.

नंबरप्लेट परावर्तकच हवी, पण तिच्यावर खरा वाटेल असा क्रमांक कधीही टाकू नका. 'चाचणी ०१' पुरे.

आत लाकूड नको, पाइप नको, स्क्रू नको, बकल नको. पहिल्या टार्गेटला उभं राहायला त्रास व्हायचा म्हणून आमच्यातल्या एकाने आत एक बारकी लाकडी पट्टी घातली होती. ताशी पंधराच्या धडकेत पाहुण्या गाडीच्या बंपरला तडा गेला. पुढचे दोन दिवस कुणाशी फोनवर बोलण्याची सोय राहिली नाही.

एकूण वजन २५ किलोच्या आत बसवा. हिशेब असा: ताशी ५० किलोमीटरच्या धडकेत टार्गेटला जो वेग मिळतो, तोच वेग सुमारे पावणेदहा मीटरवरून, म्हणजे चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणाऱ्या वस्तूला जमिनीशी येईपर्यंत मिळतो. ताशी २५ ला ही उंची फक्त अडीच मीटर. वेग दुप्पट झाला की मार चौपट. म्हणून पहिले पंधरा दिवस कमी वेगातच काढा.

सांधे: कुठे सुटायचं ते आपण ठरवायचं

धारावीत बॅगा शिवणाऱ्या एका मास्तरांकडे आम्ही कातड्या शिवायला दिल्या. नकाशा बघून त्यांनी विचारलं, "ही शिलाई सुटायला करू की टिकायला?" टार्गेट बांधणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला हाच प्रश्न विचारावा. उत्तर असं: आधी वेल्क्रो सुटावा, मग वाटल्यास शिलाई उसवावी, मग फोम दबावा, आणि कातडी शक्यतो कधीच फाटू नये. हा क्रम उलटा झाला तर दर धडकेनंतर शिंप्याकडे फेरी ठरलेली.

वेल्क्रो सरकवायला गेलात तर जाम घट्ट, कडेने सोलायला गेलात तर सहज निघतो. म्हणून बाजूच्या फळीची पट्टी मागच्या फळीच्या बाहेरच्या अंगावर वळवून चिकटवा. गाडी मागून आदळली की मागची फळी आत ढकलली जाते आणि पट्टी सोलली जाते. हीच पट्टी बाजूच्या अंगावर सपाट लावली तर वेल्क्रो सरकवावा लागतो, तो सुटत नाही, आणि जोर जातो थेट शिलाईवर. पहिल्या आठवड्यात आमच्या आठ फळ्यांच्या कडा अशाच उसवल्या.

वेल्क्रो ५० मिलिमीटर रुंद घ्या आणि शिवून लावा. पाठीला गोंद असलेला उन्हात घसरतो. दोरा पॉलिस्टरचा, सुती नाही. हुकांच्या बाजूत धूळ आणि धागे अडकतात, ती ब्रशने साफ होते. केसाळ बाजू मात्र पिंजून निघाली की संपली. म्हणून केसाळ बाजू वेगळ्या, सहज बदलता येणाऱ्या पट्टीवर ठेवा.

फळ्या मीटर-सव्वामीटरपेक्षा मोठ्या करू नका. गाळ्याच्या लिफ्टमध्ये आणि छोटा हत्तीच्या हौद्यात त्या आडव्या बसल्या पाहिजेत. हा नियम कुठल्या मानकात नाही, साकीनाक्याच्या लिफ्टने शिकवला. प्रत्येक फळीला क्रमांक आणि कडांना रंग द्या: लाल कड लालला. दोन माणसांनी दहा मिनिटांत रिक्षा पुन्हा उभी केली पाहिजे. जास्त वेळ लागत असेल तर दिवसाला मोजक्याच धडका होतील आणि घाईत फळ्या तिरक्या लागतील. उभी केल्यावर चार कोपऱ्यांची मापं जमिनीवरच्या खुणांशी ताडून पाहा, एका सेंटिमीटरच्या आत.

वारा आणि पाणी

रिक्षाची मागची बाजू सुमारे २.२ चौरस मीटरची. सेकंदाला दहा मीटर वारा असेल तर तिच्यावर सुमारे सोळा किलोचा रेटा येतो, आणि आपलं टार्गेट पंचवीस किलोचं. ते चालायलाच लागतं. वारा निम्मा झाला की रेटा पाव होतो, चार किलोवर येतो. सेकंदाला पाच मीटरच्या वर वारा गेला की आम्ही चहा प्यायला बसतो. दुपारी समुद्रावरचा वारा उठायच्या आत, म्हणजे सकाळी लवकर, काम उरकणं उत्तम. वाळूच्या पोत्यांनी बांधायचा मोह होतो, पण धडकेच्या वाटेत पोतं म्हणजे दगडच. खाली पातळ रबरी चटई पसरा आणि टार्गेट तिला वेल्क्रोने धरा.

पावसाळ्यात बाहेरची चाचणी जवळजवळ बंद असते, पण दमट हवा बंद नसते. कातडीवर पाण्याचा थर असताना घेतलेले रडारचे आकडे वेगळ्या वहीत लिहा, कोरड्या आकड्यांत मिसळू नका. ओल्या फळ्या एकावर एक रचल्या तर चार दिवसांत बुरशी धरते. त्या पुसून, दोरीवर टांगून, पंख्याखाली वाळवा. घडी कधीच नाही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्याची एक खोच फारच कमी जणांना माहीत असते. आयपी ६७ चा, म्हणजे धूळ-पाणी अडवणाऱ्या दर्जाचा, डबा आहे, पाणी कसं जाईल, असं वाटतं. पण उन्हात डबा आतून ६० अंशांवर जातो, मग सर येते आणि तो एकदम २५ अंशांवर उतरतो. आतल्या हवेचा दाब दहा टक्क्यांहून जास्त पडतो. डबा मीटरभर पाण्याखाली धरला तर सीलवर जितका जोर येईल, तितकाच हा. सील जरा जरी म्हातारं असेल तर डबा पाणी ओढून घेतो. उपाय सोपा आहे: हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा, ब्रीदर व्हेंट, डब्याच्या खालच्या बाजूला बसवा. कनेक्टरही खालूनच. सर्किट बोर्डवर संरक्षक लॅकरचा हात फिरवा, नाहीतर खाऱ्या हवेत एका मोसमात पिनांवर हिरवट थर चढतो.

हलणारं टार्गेट

हा वेगळा धंदा आहे, थोडक्यात सांगतो. चालती मोटार दाखवण्यासाठी परदेशात वापरतात ती चपटी, स्वयंचलित पाटासारखी गाडी, जिच्यावरून मोटार जाऊ शकते, ती गाळ्यात बनवायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. आडवा येणारा पादचारी मात्र जमतो: मोटर, पट्टा, आणि पट्ट्यावर फोमचा माणूस. ओढायला स्टीलची दोरी कधीच नको. ती रडारला दिसते, आणि तुटली तर चाबकासारखी फिरते. कमी ताणली जाणारी डायनीमाची, म्हणजे मजबूत कृत्रिम धाग्याची, दोरी घ्या आणि तिच्यात मुद्दाम एक कच्चा दुवा ठेवा.

खरा प्रश्न वेळेचा असतो. ताशी ४० ने येणारी गाडी दहा मिलिसेकंदांत अकरा सेंटिमीटर पुढे जाते. गाडीचं घड्याळ आणि पट्ट्याचं घड्याळ वेगळं असेल तर तुम्ही प्रत्येक वेळी वेगळीच चाचणी घेत असता. दोघांनाही उपग्रहाच्या वेळेला बांधा. जागेसाठी साधं जीपीएस चालत नाही, त्याची चूक काही मीटरची. दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत नेणारी आरटीके पद्धत लागते.

थांबवण्याचं बटण असं करा की सिग्नल *आला* तर थांबणार नाही, सिग्नल *तुटला* तर थांबेल. रिमोटची बॅटरी संपली तरी मोटर बंद पडली पाहिजे.

मैदानावर

सार्वजनिक रस्त्यावर, अगदी पहाटे तीन वाजता रिकाम्या सर्व्हिस रोडवरसुद्धा, हे करायचं नाही. खाजगी आवारातली सरळ डांबरी पट्टी, मालकाची लेखी परवानगी, दोन्ही टोकांना माणसं. अधिकृत निकाल हवा असेल तर पुण्याची एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था किंवा पिथमपूरचा नॅट्रॅक्स ट्रॅक आहे. आपल्या पट्टीवर आपण घरचा अभ्यास करतो.

ताशी ६० वरून चांगल्या ब्रेकने थांबायला कोरड्या रस्त्यावर अठरा-एक मीटर लागतात, पण टार्गेटच्या पलीकडे मोकळी जागा याच्या तिप्पट तरी ठेवा, कारण ब्रेक लागलाच नाही हीच तर शक्यता आपण तपासतोय. पहिल्या फेऱ्या ताशी दहाने. धडकेनंतर गाडी जागेवरच बंद करून खाली वाकून पाहा: पीव्हीसीचा तुकडा तापलेल्या सायलेन्सरला चिकटला तर आधी वास येतो, मग धूर. अग्निशामक नळकांडं हाताशी हवं, डिकीत नव्हे.

जन्मपत्रिका

प्रत्येक फळीच्या नावाने वहीत एक पान. कधी बनली, किती धडका खाल्ल्या, कोणती पट्टी कधी बदलली. दर दहा धडकांनंतर रिक्षा पूर्ण जोडून, आधी कॉर्नर रिफ्लेक्टर आणि मग टार्गेट, दहा ते चाळीस मीटरच्या पट्ट्यात रडारने पुन्हा मोजा आणि पहिल्या दिवशीच्या सरासरीशी ताडून पाहा. तीन डेसिबलची घट म्हणजे परावर्तन निम्मं. आम्ही दोन डेसिबललाच थांबतो.

घट दिसली तर सगळी रिक्षा मोडीत काढू नका. खालच्या फळ्या एकेक करून राखीव फळीशी बदला आणि प्रत्येक वेळी मोजा. बहुतेकदा दोष एकाच फळीत सापडतो, आणि ती बहुधा डाव्या कोपऱ्याची असते, कारण चालक नकळत डावीकडे वळवायला बघतो. ती फळी उघडून वाहक कापडाच्या कडा मल्टिमीटरने तपासा. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतचा रोध नव्या कापडाच्या मानाने वाढला असेल तर कापड आतून फाटलंय, भले बाहेरची कातडी नव्यासारखी दिसत असो. कापड बदला, पानावर तारीख टाका, आणि त्या फळीची धडकांची मोजणी शून्यापासून सुरू करा. दोष सापडेपर्यंतच्या मागच्या दहा धडकांचे आकडे अहवालात घेऊ नका. ग्राहक कुरकुरतो. कुरकुरू द्या.